सलीमभाईनं नाव विकलं नाही

सलीमभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात भेंडी निवडत होतो. फोन करणाऱ्या पोरावरच मी खेकसलो, "काहीही काय बोलतं बे, काल त माह्यासंग चहा पेला त्यानं!" सलीमभाईच्या घरी पोचलो तर दारात क्लबची सगळी पोरं उभी... म्हणजे खरंच होतं. पण आज मी रडगाणं गायला बसलेलो नाही. आमचा माणूस जिंकून गेला, आणि जिंकलेल्या माणसाबद्दल सुतकी तोंडानं लिहिणं मला जमायचं नाही.

सलीमभाई आमच्या आर्णीच्या फुटबॉल क्लबचा खजिनदार. टायरचं दुकान होतं, आणि दुकानामागची खोली त्यानं क्लबला दिलेली, फुकट. मी क्लबचा सचिव, कापूसवाला शेतकरी, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. गेल्या वर्षी आमचा संघ जिल्हा लीगच्या वरच्या गटातून खाली घसरला आणि बघता बघता क्लबची हवाच निघाली. ज्या कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या जिवावर आम्ही उड्या मारत होतो, त्यानं हात आखडता घेतला. बाहेरून आणलेले खेळाडू थकलेलं मानधन मागायला दारात येऊन बसले. खालच्या गटात तिकीट काढून कोण येतंय? आणि सामने मात्र पार झरी जामणीपर्यंत, जाण्यायेण्याचा खर्च आपल्या खिशातून. नव्या हंगामाची फी भरली नाही तर लीगमधून क्लबचं नाव कायमचं कटणार होतं.

तेव्हा शेठ परत आले. सगळा खर्च उचलतो म्हणाले, फक्त क्लबला आर्णीचं नाव नको, जिनिंगचं लावा. कमिटीतले निम्मे लोक सही करायला तयार! सलीमभाईनं तेवढा पेन उचलला नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "दिनूभाऊ, नाव इकून वरते गेलो, त वरते जाईन कोन? शेठ का आपन?" मग मीही सही केली नाही, आणि शेठचा प्रस्ताव तिथंच बारगळला.

पहिलं काम त्यानं केलं ते क्लबची जुनी गाडी विकून बाहेरच्या खेळाडूंचं देणं मिटवायचं. "कोनाच्या मेहनतीचं ठेवून आपल्याले गोल मारता येनार नाही," म्हणाला. आता राहिली गावातली पोरं आणि रिकामी तिजोरी. त्याच आठवड्यात मी त्याच्यापाशी कटकट करत होतो, पऱ्हाटीवर कापूस फुटून राह्यला अन् वेचायले माणूस भेटत नाही म्हणून. तो हातातला टायर सोडून म्हणाला, "माणसं कायले शोधतं तू? आख्खी टीम आहे ना आपल्यापाशी! मजुरी क्लबच्या तिजोरीत!"

दुसऱ्या दिवशी ही बहाद्दरं प्रॅक्टिसच्या सवयीनं उजाडायच्या आतच माझ्या वावरात. कंबरेला कापडाच्या ओट्या बांधून सपासप वेचलं आणि मजुरी किलोवर, म्हणून कापूस वजनदार भरतोय बघून खूश! माझी बायको डबा घेऊन आली, मूठभर कापूस दाबून पाहिला आणि कडाडली, "बाप्पा, दव त वाळू द्या! ओला कापूस काय पिवाले नेऊन राह्यले?" पोरांची तोंडं पाहण्यासारखी झाली. सलीमभाईनं मात्र ओलाव्याचं वजन स्वतःहून मजुरीतून कापून घेतलं, माझं एक ऐकलं नाही. ही गोष्ट गावभर झाली आणि मग शेतकरी आपणहून बोलवायला लागले. दुपारी वेचणी, संध्याकाळी मैदान. फी भरली, गाडीभाडं निघालं, बूटसुद्धा आले.

आणि आम्ही वर गेलो! नेरच्या मैदानावर, आमच्याच पोरांच्या पायांनी. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा हा साठीचा माणूस मला मिठी मारून लहान लेकरासारखा रडत होता, "आपल्या नावानं गेलो रे दिनू, आपल्याच नावानं!" एरवी दिनूभाऊ म्हणणारा माणूस... त्या दिवसाइतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, बायकोनं वाचलं तरी वाचू दे.

दसऱ्यानंतर तो गेला, झोपेतच. आता खोलीचं काय, क्लबचं काय, अशी कुजबुज सुरू झाली. शेठनं तर वेळ दवडलीच नाही. परवा दुपारी गाडी दुकानापुढे थांबली. मी तिथंच होतो. गल्ल्यावर भाभी, म्हणजे सलीमभाईची बायको. शेठनं पोरं कुठं आहेत म्हणून विचारलं.

"वेचणीले गेली," भाभी म्हणाल्या.

"आता कायले? आता त तुम्ही वरच्या गटात आहात!"

"तिथं राह्याचं आहे म्हणून."

शेठ बाकावर बसून राहिले, पार दिवेलागणीपर्यंत. पोरं आली, केसात कापूस तसाच. शेठ उठले, घसा खाकरून म्हणाले, "क्लबचं नाव राहू द्या तुमचं. शर्टाच्या पाठीवर माह्यं बारीकसं... जागा भेटंन का?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. गोलकीपर म्हणाला, "आत या, बसून बोलू." शेठ लगबगीनं खोलीकडे निघाले, तशा भाभी गल्ल्यावरूनच म्हणाल्या, "शेठ, जोडे बाहेर. आमच्या ह्यायच्या खोलीत कोनी जोडे घालून जात नाही."

आणि शेठ उंबऱ्यापाशी वाकून नाड्या सोडायला लागले.