वाळूवर बुडण्याचं काम

लहानपणी मी दर शनिवारी बुडत असे, असं मी एकदा भाचरांना सांगितलं, तर ती हसली. "मावशी, पोहता येत नव्हतं का?" पोहता मला अजूनही येत नाही. पण मी बुडायची ती कोरड्या वाळूत. दप्तर काकूकडे द्यायचं, फ्रॉक गुडघ्याखाली ओढायचा आणि पालथं पडायचं. पुढे आयुष्यात बरीच कामं केली, त्यांतली निम्मी बिघडवली. हे एक मात्र मला चांगलं जमायचं.

नाना म्हणजे माझे काका. तापीकाठच्या एका गावात ते शाळामास्तर होते आणि मी शिकायला त्यांच्याकडे राहायची. तेव्हा आमचा जिल्हा पश्चिम खानदेश, आणि सगळी कचेरी धुळ्याला. शाळा अलीकडच्या तीरावर, पण बरीचशी मुलं पलीकडच्या वस्तीतली. पाणी उतरेपर्यंत ती डोंग्यातून येत. डोंगा म्हणजे कोरलेलं खोड, त्यात भर म्हणून फळ्या ठोकलेल्या. बसणाऱ्यांपैकी एकाच्या हातात कायम डालड्याचा रिकामा डबा असे, आत आलेलं पाणी उपसायला. ते काम मुलं आळीपाळीने आणि मोठ्या हौसेने करत. नाना मात्र रोज सकाळी काठावर उभे राहून डोंगा टेकेपर्यंत पापणी हलवत नसत.

शाळेला एक धड होडी मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यांनी वर लिहिलं. उत्तर आलं की असं अनुदान आहे, पण ज्या शाळेतला शिक्षक सुरक्षिततेचं शिक्षण घेऊन आला असेल तिचा विचार आधी होईल. झालं. नाना वळकटी बांधून धुळ्याच्या शिबिराला गेले. परत आले ते एक खाकी पिशवी, एक शिट्टी आणि बुडालेल्या माणसाला श्वास देण्याची रीत घेऊन. माणसाला पालथं निजवायचं, मान एका कुशीला करायची, पाठीवर तळवे ठेवून दाबायचं, मग कोपर धरून वर उचलायचे. पुन्हा दाबायचं. हे मोजत, एका लयीत.

शिकवायचं तर कुणीतरी बुडालेलं हवं. गावात नानांनी शब्द टाकला, तर आया पदर खोचून आल्या. "जित्त्या पोरले मडं करतस का, मास्तर?" आपलं लेकरू कोण मयतासारखं निजवेल? राहिलं कोण, तर मी. काकू नानांशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमच्या होडीपायी माझ्या घरात दर शनिवारी मयत." पण अडवलं नाही. मी वाळू झटकत घरी आले की ती मीठ-मोहरी ओवाळून चुलीत टाकायची. मोहऱ्या जितक्या तडतडतील तितकी दृष्ट मोठी.

माझ्यात एकच खोट होती. मला गुदगुल्या व्हायच्या. नानांचे तळवे बरगड्यांना लागले की बुडालेली मुलगी खिदळायची.

"मेलेल्या माणसाने हसू नये," नाना दातांत म्हणायचे.

"मेले नाही ना पण, बुडालेय," मी वाळूत तोंड खुपसून म्हणायची.

बरंच दाबून झालं की मी हळूच डोळे उघडायचे आणि शुद्ध भाषेत विचारायचं, "गुरुजी, मी कुठे आहे?" हे वाक्य नानांनी बसवून घेतलं होतं. सगळे टाळ्या वाजवायचे आणि मला गूळ-दाणे मिळायचे. खरं सांगायचं तर मी शुद्धीवर यायची ती गुळाच्या ओढीने. कधीकधी घाईने, ठरल्यापेक्षा लवकर.

आकडे मोजायचं काम पलीकडच्या वस्तीतल्या एका मुलीकडे होतं. माझ्याच वर्गातली. अंगाने काडी, पण आवाज असा की पैलतीरावरची गुरं मान वर करत. ती माझ्या पायांशी उभी राहून मोजायची आणि मी हसले की अंगठ्याने पोटरीला टोचायची. "तू मरेल शे ना? मग मरेल ऱ्हाय," असं पुटपुटून पुढचा आकडा ठोकायची. तिची आई अलीकडे केळीच्या मळ्यात कामाला यायची. शनिवारी डोक्यावरची टोपली न उतरवता ती काठावर थांबायची. लेकीचा आवाज ऐकायची, मी उठले की सगळ्यांबरोबर हसायची, मग कामाला जायची.

साहेब लोक आले, जीपमधून. पहिल्यांदा आले ते खूश झाले. मी त्या दिवशी इतकी सुंदर बुडले की बस्स. साहेबांनी नानांची पाठ थोपटली. "मास्तर, तुम्ही तर यमालाच परत पाठवलंत!" आणि जाता जाता म्हणाले, "एवढी तयारी असलेल्या शाळेला कसली भीती? होडी ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना देऊ." वर्षाने दुसरे साहेब आले. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनीही तेच सांगितलं.

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. काकू ताट झाकताना म्हणाली, "तुमची पोर इतकी छान उठते, मग होडी कोण कशाला देईल?"

मला मात्र आपण छान उठतो याचा अभिमान वाटला, हेही इथे सांगून टाकते.

ते भाद्रपदात झालं. शाळा सुटून मुलं परत निघाली होती. डोंगा अलीकडच्या काठापासून फार लांब गेला नव्हता. वरून वाहत आलेलं झाड आडवं लागलं आणि डोंगा कलंडला. मोठ्या मुलांनी खोड धरलं, लहानांना नावाड्याने ओढून काढलं. मोजणारी मुलगी खाली वळणावर सापडली. मासे धरणाऱ्या दोघांनी तिला उचलून वाळूवर आणलं, आम्ही शनिवारी जिथे जमायचो तिथेच. त्यांना ती जागा ठाऊक होती.

नानांनी तिला पालथं निजवलं. मान एका कुशीला केली, तळवे ठेवले. मोजायला कुणी नव्हतं, म्हणून ते स्वतःच मोजू लागले. त्यांचा आवाज तिच्यासारखा लांब जात नव्हता.

गाव गोळा झालं. मळ्यातून तिची आई धावत आली. पदर सुटलेला. गर्दी बाजूला झाली, तिने नानांना पाहिलं, त्यांचे हात पाहिले, आणि ती थांबली. तिचा श्वास खाली बसला. मी ते अगदी जवळून पाहिलं. ती वाळूत मांडी घालून बसली आणि लेकीचा ओला परकर पायांवर सारखा केला.

मागे एका बाईने हंबरडा फोडला. मुलीची आई वळून म्हणाली, "चुप ऱ्हाय! काय मयत शे का आठे? मास्तर दाबी ऱ्हायनात ना. आते उठी जाई."

आणि लोक गप्प झाले. कारण त्यांनीही तेच पाहिलं होतं, प्रत्येक शनिवारी. मास्तर दाबतात आणि पोर उठते. न उठलेली पोर आमच्या गावाने कधी पाहिलीच नव्हती. सगळे उभे राहिले, जणू थोड्या वेळाने टाळ्या वाजवायच्या होत्या.

बराच वेळ गेला. तिच्या आईने मला पाहिलं आणि हाताने जवळ बोलावलं.

"तुले किती येळ लागस वं, उठाले?"

साऱ्या गावात या विषयातली जाणकार मीच. काय सांगणार? गुळाची आठवण होईपर्यंत लागतो, हे खरं उत्तर होतं.

"लागस थोडा," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पुन्हा लेकीकडे पाहत बसली.

उन्हं नदीपलीकडे गेली तरी नाना थांबले नाहीत. आकडे चुकत होते, ते पुन्हा एकपासून सुरू करत. शेवटी गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना खांद्यांना धरून उठवलं. तिची आई तरीही बसूनच होती. "का बरं थांबी गयात?" ती विचारत राहिली. "मास्तर, का बरं थांबी गयात?"

होडी पुढे आली, तेही आधी सांगून टाकते. पुढच्या पावसाळ्याआधी आली. हिरव्या रंगाची, दोन्ही बाजूंना धरायला दोर असलेली. चांगली होती. खूप वर्षं टिकली.

ती येण्याआधी, दिवाळीनंतर, जीप पुन्हा आली होती. साहेब नवीन होते. त्यांनी झाल्या गोष्टीबद्दल दुःख व्यक्त केलं, आणि मग म्हणाले, "तुमचं ते प्रात्यक्षिक बरंच ऐकलंय, एकदा दाखवा." नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "आज उठायचं नाही."

"कधीपर्यंत?"

त्यांनी ते सांगितलं नाही.

मी पालथी पडले. नाना दाबू लागले. मोजलं कुणीच नाही. गुदगुल्या झाल्या नाहीत. त्यानंतर मला त्या कधी झाल्याच नाहीत. दाबून दाबून नाना थांबले आणि उभे राहिले. मान कुशीला वळवलेली, त्यामुळे टाळ्यांसाठी उचललेले साहेबांचे हात माझ्या एका डोळ्याला दिसत होते.

"झालं? उठत नाही का ती?"

"नाही उठत, साहेब," नाना म्हणाले.

नदीचा आवाज येत होता. मी पडूनच होते, कारण कधी उठायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं. गालाखालची वाळू ओली झाली होती. मग पावलं वाजली. टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठीवर एक हात आला. नानांचा नव्हे. खरखरीत, केळीच्या चिकाचा वास असलेला.

"ऊठ वं माय," मोजणाऱ्या मुलीची आई म्हणाली. "घर जाय."

मी उठले. तिने माझ्या फ्रॉकवरची वाळू झटकली, पुढून आणि मागून, सावकाश, एक कणही राहू नये अशी.