कुलूपबंद घरांची पोरं

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून शिरूर कासारकडच्या गावांत माझी बदली झाली, तेव्हा आधीच्या बाईंनी कपाटाची चावी हातात ठेवली आणि म्हणाल्या, "दिवाळीनंतर फार फिरू नका हो. गावंच रिकामी असतात." माझं माहेर पालीचं. धरणाच्या पाण्यावर आमची शेती बारमाही, त्यामुळे गावच्या गाव उठून ऊस तोडायला जातं हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. त्या वर्षी पाहिलं. ट्रकमध्ये गोधड्या, भांडी, शेळी आणि सगळ्यात वर पोरं. ट्रक गेले की गल्लीत नुसती कुलपं.

या दिवसांत आमचं काम सोपं होई. सेविकेनं दुपारी गल्लीतून चक्कर मारायची, कुलूप दिसलं की मोबाइलमधल्या ॲपमध्ये त्या घरातल्या मुलापुढे 'स्थलांतरित' असं दाबायचं. त्यावरून तालुक्याचा आराखडा ठरे. पोरं कमी, म्हणून धान्य कमी, अंडी कमी. गुढीपाडव्याच्या सुमाराला पोरं पुन्हा वजनकाट्यावर दिसायची, ती हाडं मोजून घ्यावीत अशी. मग आम्ही सगळ्याजणी उसासे टाकायचो, की उसाला गेलेली लेकरं, आपण काय करणार! मीही टाकले. उसासा टाकायला काही मंजुरी लागत नाही.

पुढच्या वर्षीची गोष्ट. एका गावातली एक पोरगी माझ्या चांगली लक्षात होती, कारण हंगामाआधी वजन करताना ती मला कडकडून चावली होती. तीन वर्षं उलटलेली, पण दिसायला दोनची. वजन एवढं कमी की ॲपमध्ये तिचं नाव लाल रंगात येई. तिच्याही घराला कुलूप लागलं आणि सेविकेनं तिलाही 'स्थलांतरित' केलं. मी मनात म्हटलं, गेली बिचारी.

कार्तिक सरत आला होता. त्याच गावाच्या फाट्यावर माझी स्कूटी पंक्चर झाली. दुकानातले चाचा टायर खोलून बसले आणि मी बाकड्यावर कपाळाला आठ्या घालून बसले. दिवस मावळत होता. तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली आणि त्यातून म्हाताऱ्या बायका उतरू लागल्या. डोक्याला फडकी, केसांत कापूस, आणि प्रत्येकीच्या काखेला किंवा बोटाला एक पोर. कपाशी वेचून आल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली पोरगी मी लगेच ओळखली.

"आजी, ही तर कारखान्याला गेली ना?" मी उठूनच उभी राहिले.

"कुठं जातीय माय?" म्हातारी म्हणाली. "लेक-सून गेलेत. ही माझ्यापाशीच हाय की."

"पण घराला तर कुलूप असतं!"

"मग रानात जाताना घर उघडं टाकून जाऊ का?"

कुलूप म्हणजे माणसं कारखान्याला गेली, हे आमच्याकडे पोस्टमनपासून वीजबिल वाटणाऱ्यापर्यंत सगळेच धरून चालतात. सेविका तर त्याच गावची सून, तिनंही तेच धरलं होतं. म्हाताऱ्या उजाडता उजाडता पोरांना घेऊन वेचणीला जात आणि दिवेलागणीला येत. आमची चक्कर दुपारची, आमची खिचडी दुपारची. पोरं गावात होती आणि आमच्या लेखी नव्हती. दिवसभर बांधावर शिळी भाकरी, चटणी आणि पाणी.

स्कूटी तशीच चाचांकडे टाकून मी म्हातारीबरोबर घरी गेले. तिनं कुलूप काढलं, चूल पेटवली, आणि भाकरी थापता थापता खरं काय ते सांगितलं. पोरीला मागच्या पंधरवड्यात ताप येऊन गेला होता. ते कळल्यापासून सुनेचा जीव थाऱ्यावर नव्हता. माघात तिच्या चुलतभावाचं लग्न होतं, त्याला ती येणार होती आणि परत जाताना पोरीला घेऊन जाणार होती.

"फोन लावा तिला," मी म्हटलं.

फोनवर मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. म्हातारीनं 'मॅडम हायती' म्हणून फोन माझ्या हातात दिला, आणि मी काही विचारायच्या आतच सून बोलू लागली, "मॅडम, म्हातारी तरी काय करंल? ती रानात जाती. पोरगी हितं असली तर निदान माझ्या डोळ्याम्होरं राहील. उपाशी ऱ्हायची ती माझ्यापाशीच ऱ्हाईल."

"अगं, पण तुम्ही पहाटे ऊस तोडायला फडात जाता, ती पाचटाच्या कोपीत एकटी..."

"ते मला ठावं न्हाई व्हय?" ती एकदम तडकली. "तितं तुमची खिचडी कुनाला मिळायली, सांगा की!"

फोन बंद झाला. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. दोन वर्षांपूर्वी तिच्या थोरल्या नातवाला तिकडच्याच थंडीनं नेलं होतं, हे तिनं तेव्हा सांगितलं. "हिला न्हाई जाऊ द्यायची मॅडम. कायबी करा, पर हिला ठिवा." मी बोटांवर महिने मोजले. माघ यायला फार दिवस नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सेविकेला घेऊन पुन्हा गल्ल्या पालथ्या घातल्या. कितीतरी कुलपं उघडली होती आणि चुली पेटल्या होत्या. आत तीच पोरं, जी ॲपमध्ये सातारा-कोल्हापूरला गेली होती. फिरता फिरता आम्हाला एक खूण सापडली. कारखान्याला जाणारी माणसं कोंबड्या विकून नाहीतर कुणाला देऊन जातात. अंगणात कोंबड्या टिपत असतील तर घराला कितीही मोठं कुलूप असो, रात्री तिथं कुणीतरी झोपायला येतं. मी सेविकेला म्हटलं, "इथून पुढं कुलूप नको बघू, कोंबड्या बघ." ती हसून म्हणाली, "मॅडम, मोबाइलात कोंबडीचं बटन न्हाई." बटण नव्हतंच. पण त्या आठवड्यात तिनं सगळ्या 'स्थलांतरित' पोरांना पुन्हा गावात आणलं.

नुसतं ॲपमध्ये आणून पोट भरत नाही. अंगणवाडी उजाडताच उघडायची, पोरांना वेचणीआधी गरम खायला घालायचं, आणि दिवेलागणीला पुन्हा एकदा, अशी माझी योजना होती. साहेबांपुढे मांडली. साहेब वाईट नव्हते, घाबरट होते.

"बाई, वेळ शासनानं ठरवलेली आहे. ती बदलता येत नाही."

"वेळ बदलत नसेल तर पोरं बदलून द्या, साहेब. दुपारी घरी असणारी पाठवा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ग्रामपंचायतीचा ठराव आणा. दुसऱ्या वेळचा खर्च त्यांनी उचलायचा. आणि माघ संपेपर्यंत वजनं वाढली नाहीत तर गुपचूप जुन्या वेळेवर यायचं."

"लिहून द्या," मी म्हटलं. त्यांनी दिलं. माझ्या रागाचा एवढा तरी उपयोग होतो.

ग्रामपंचायतीला महिला-बालकल्याणावर खर्च करावाच लागतो. त्या पैशांतून दरवर्षी काहीतरी न वापरायच्या वस्तू येत आणि कार्यालयात धूळ खात पडत. यंदाचा खर्च ठरवायला महिला सभा घ्यायची होती. पण घ्यायची कुणाची? दुपारी गावात बायकाच नसत. मी ग्रामसेवकाला म्हटलं, "सभा वेचणीच्या रानात घेऊ."

"मॅडम, नोटिशीत जागा लिहावी लागते."

"मग लिहा, अमक्या गटातलं कपाशीचं रान. गटनंबर आहे ना त्याला?"

आणि ती सभा खरंच कपाशीत झाली. सरपंच, ग्रामसेवक आणि मी बांधावर उभे, समोर कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या बायका. रानमालकाची अट एकच होती, वेचणी थांबता कामा नये. त्यामुळे बायका वेचत वेचतच बोलत होत्या आणि आम्ही त्यांच्याबरोबर ओळीनं पुढं सरकत होतो. सरपंच धोतर सावरत म्हणाले, यंदा पंचायतीनं चांगल्या खुर्च्या घ्यायचं ठरवलंय. तेव्हा त्या चावऱ्या पोरीची आजी ताठ उभी राहिली.

"खुर्च्यांवर कोन बसनार हाय वो सरपंच? गावात ऱ्हातंय कोन? आमी म्हाताऱ्या अन् ही लेकरं. आमी तर खालीच बसतोव. त्या पैशाची अंडी आना, शेंगदाने आना, गूळ आना. रांधायला आमी पाळी लावतोव."

सगळ्या रानातून "व्हय, व्हय" असा गजर झाला. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं, मी कपाशीच्या बोंडाकडे पाहिलं. ठराव झाला. खाली उमटलेल्या अंगठ्यांना कापसाचे धागे चिकटले होते.

दुसऱ्या आठवड्यापासून अंधुक उजेडात अंगणवाडीची चूल पेटू लागली. पहिले काही दिवस फजिती झाली. पोरं अर्धवट झोपेत खायची नाहीत, पिकअपवाला हॉर्न वाजवून डोकं उठवायचा. मी एकदा पहाटेच जाऊन त्याच्या चावीला हात घातला आणि म्हटलं, पोरं जेवल्याशिवाय गाडी हलणार नाही. तो म्हणाला, "काहून भांडायल्यात मॅडम? थांबतो की." आणि खरंच थांबू लागला. म्हाताऱ्यांनी पाळ्या बिनबोभाट पाळल्या. नर्सबाईंकडून पोरीला तपासून औषधं सुरू केली. दर आठवड्याला वजन, आणि दर आठवड्याला माझा जीव टांगणीला. एकदा तर ती तसूभरही वाढली नाही, तेव्हा घरी मला जेवण गेलं नाही. मग हळूहळू काटा सरकू लागला. लाल नाव पिवळं झालं. पोरीच्या अंगात जोर आला, तो आधी दातांत आला, हे सेविकेनं मला तिचा हात दाखवून सिद्ध केलं.

माघात पोरीची आई आली. लग्न आटोपलं, आणि परत जायच्या आदल्या संध्याकाळी पोरीचे कपडे पिशवीत भरलेले मी स्वतः पाहिले. त्या रात्री मी गावातच मुक्कामाला राहिले. आपण बोलायला जावं तर भांडण होईल, म्हणून मी अंगणवाडीतच बसून राहिले. बसवत नव्हतं.

उजाडलं तशी पोरगी पळत आली. रोजच्या सवयीनं आली होती, तिला पिशवीचं काय माहीत! मागून तिची आई, तिला धरायला. पोरगी ओळीत बसली, अंडं संपवलं, गूळ-शेंगदाणे संपवले आणि वाढणाऱ्या आजीपुढे पुन्हा हात केला. आई दारातच थबकली. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

तिनं मोबाइल काढला आणि पोरीचं खाणं सगळं चित्रित केलं. मग आत येऊन तिला कडेवर घेतलं, पुन्हा खाली ठेवलं, पुन्हा घेतलं.

"लई जड झालीस गं मपली बाय," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. मग मागोमाग आलेल्या सासूकडे वळली. "ऱ्हाऊ द्या हिला. पिशवीतली कापडं काढून ठिवा."

म्हातारीनं पोरीला आपल्याकडे ओढून घेतलं. मी बाहेर पडवीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. लाज कसली? मला त्या क्षणी एखादी निवडणूक जिंकल्यासारखं झालं होतं. आई दुपारच्या एसटीनं एकटी गेली.

आठ-दहा दिवसांनी मी तालुक्याच्या बैठकीत बसले होते, आणि सेविकेचे एकामागून एक फोन. शेवटी बाहेर येऊन उचलला.

"मॅडम, लवकर या. पोरं आलीत!"

"कुठली पोरं?"

"उसातली!"

बैठक सोडून मी निघाले. गेल्यावर कळलं, पोरीच्या आईनं तो व्हिडिओ फडावरच्या सगळ्या कोप्यांतून फिरवला होता. उसाच्या हिरव्या शेंड्यांचा चारा घेऊन टोळीच्या मुकादमाचा टेम्पो गावाकडे येत होता, त्यात बायांनी आपापली पोरं बसवून दिली, बरोबर एक आत्या दिली. भर हंगामात गावात पोरं उतरलेली त्या गावानं कधी पाहिली नव्हती. म्हाताऱ्या आपापल्या नातवंडांना ओळखून घेत होत्या, काही पोरं आजीला बिचकत होती. ताटं कमी पडली, म्हणून शेजारच्या घरांतून आणली. सेविका एकेकाचं नाव विचारून मोबाइलवर भराभर नोंदवत होती.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "बाई, तुमच्या त्या गावात काहीतरी गडबड आहे. हंगामात पोरं कमी होतात, तुमची वाढलेली दिसतायत. आकडा तपासून घ्या."

"तपासलाय, साहेब," मी म्हटलं. "आत्ता माझ्यासमोर बसून जेवतोय."