बॉनेटवरचे भारे
कापलेल्या भाताचा वास आला की वैशाखरे या आमच्या गावातली ती दुपार आठवते. घाट बघायला आलेल्या कुणीतरी भलीमोठी गाडी आमच्या खळ्याच्या तोंडावरच लावली होती. डोक्यावर भाताचा भारा घेतलेली आई तिथेच अडली. खळ्यात पोचेपर्यंत भारा भुईला टेकवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. आईने तो सरळ बॉनेटवर ठेवला आणि मागच्या बायांनीही तेच केलं. गाडीवाला येऊन ओरडायला लागला. आई सावलीत बसूनच म्हणाली, "काढा ना गाडी. पण भारा भुईला लागला नाय पायजे. आमी दमलोय, तुमीच न्या." शेवटी बांधावरून लांबचा वळसा घालत सगळे भारे त्याने स्वतःच्या डोक्यावरून खळ्यात नेले. आता शहापुरात माझ्या दारात कुणी गाडी आडवी लावली, की मी भांडत नाही. हातातल्या पिशव्या तिच्या बॉनेटवर ठेवते आणि आईसारखी समोर बसून राहते.