तारबाबूंचा बिनकुलपाचा राउटर

ही केस आठवली की आजही हातातला चहा तसाच राहतो. आरोपी सापडला, दोषारोपपत्र वेळेत गेलं, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरीही नोकरीतली सगळ्यात वाईट केस कोणती, असं कुणी विचारलं तर मी हीच सांगतो.

वर्धा जिल्ह्यात रेल्वे लाइनवरच्या एका गावात मी ठाणेदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. घरात इंटरनेट असणं ही अजून कौतुकाची गोष्ट होती. आम्हा पोलिसांना वायरलेस म्हणजे ठाण्यातला खरखरणारा बिनतारी संच, एवढंच ठाऊक.

एके दिवशी सकाळची हजेरी आटोपत होती, तेव्हा एक मुलगी वडिलांबरोबर आली. ती खासगी शाळेत शिकवायची. सोबत तिचा होणारा नवराही होता. हिंगणघाटकडचा, नोकरीवाला, अबोल. कुणीतरी तिच्या नावाने इंटरनेटवर खोटं पान उघडलं होतं. त्यावर तिचा फोटो, मोबाईल नंबर आणि वाचवणार नाही असा मजकूर. दिवसभर अनोळखी माणसांचे फोन येत होते. शाळेने तिला रजेवर बसवलं होतं.

"दोन महिन्यावर लग्न आलं साहेब," वडील म्हणाले. "अन् पोराकडले पाहुणे आता इचार करून राह्यले म्हणते."

होणारा नवरा खाली मान घालून बसला होता. मला त्याची कीव आली.

गुन्हा नोंदवला. नागपूरच्या सायबर सेलमार्फत पत्रं गेली आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं. ज्या कनेक्शनवरून ते पान तयार झालं, त्याच्या मालकाचं नाव आणि पत्ता त्यात होता. तो पत्ता मुलीच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घराचा होता.

तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकटे राहायचे. आयुष्यभर स्टेशनात तारेचं काम केलेलं, म्हणून गल्ली त्यांना तारबाबू म्हणायची. विधुर माणूस, शेजारी तरुण मुलगी, आणि हातात कागद. मला आणखी काय हवं होतं? भरदुपारी जीप दारात उभी केली, त्यांना सगळ्यांदेखत बसवलं. हवालदाराने खिडकीतल्या राउटरची वायर उपटली आणि जप्ती पंचनामा केला.

दोन दिवस मी त्यांना सकाळी बोलवायचो आणि संध्याकाळी सोडायचो.

"तुमच्या घरातून गेलं, तर तुम्ही नाही तर कोण?" मी विचारायचो.

"मले काय मालूम साहेब? तिले म्या अंगाखांद्यावर खेळवलं."

"मग पासवर्ड कुणाकुणाला दिला?"

"पासवर्डच नाई. दुकानदार म्हणे, लावून देतो. मीच नाई म्हटलं. ओट्यावर पाण्याचा रांजण ठेवतो, त्याले कुलूप लावतो का? गल्लीतले पोट्टे येतात, रिझल्ट पाह्यतात, नोकरीचे फॉर्म भरतात. त्याइच्यासाठीच तं दोन अँटेनावाला घेतला, ओट्यापर्यंत पुरला पायजे म्हणून."

हे सगळं मी जबाबात उतरवलं. डोक्यात मात्र शिरू दिलं नाही. रंगेहाथ सापडलेला चोरही काहीतरी गोष्ट सांगतोच, हा माझा वीस वर्षांचा अनुभव, आणि त्या अनुभवाचा मला माज होता. पाण्यासारखं इंटरनेट वाटणारा माणूस मी कधी पाहिला नव्हता, म्हणून तो नसणारच, असं मी धरून चाललो. तिकडे त्यांच्या ओट्यावरचा रांजण कुणीतरी दगड मारून फोडला. त्याची तक्रारसुद्धा द्यायला ते आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ठाण्याचा फोन बिघडला म्हणून टेलिफोनचा एक तंत्रज्ञ आला. टेबलावरचा राउटर पाहून त्याने सहज चौकशी केली. मी ऐटीत सगळं सांगितलं.

"साहेब, हा तं खुल्ला आहे," तो म्हणाला. "बाजूच्या घरातही मस्त चालत असन. कोणता कम्प्युटर जोडला होता त्याची यादी राह्यते याच्यात. पण वायर काढली की जाते पुसून."

म्हणजे पुरावा आम्हीच पंचनामा करून पुसला होता. तारबाबू खरं बोलत होते, हेही तेव्हाच डोक्यात शिरलं.

उपाय एकच होता. राउटर पुन्हा त्याच खिडकीत लावायचा आणि वाट पाहायची. त्यासाठी तारबाबूंच्या परवानगीची गरज होती. मी मान खाली घालून विचारलं.

"लावा," ते म्हणाले. "माह्यं जे व्हायचं थे झालं. त्या पोरीचा गुन्हेगार सापडला पायजे."

रविवारी दुपारी तंत्रज्ञ आणि मी त्यांच्या मागच्या खोलीत बसलो. गल्लीतलं कुणी आता त्या ओट्याकडे फिरकत नव्हतं, त्यामुळे यादी कोरी होती. साडेबाराच्या सुमारास तिच्यात एकच नाव उमटलं. लॅपटॉप घेताना माणूस हौसेने आपलं नाव टाकतो, तसं. ते नाव होतं होणाऱ्या नवऱ्याचं. दर रविवारी तो भेटायला यायचा आणि तिच्याच घरच्या बैठकीत लॅपटॉप उघडून बसायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी घातला होता.

आम्ही शेजारी गेलो. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन येत होती. मला पाहून त्याने लॅपटॉप मिटला आणि त्याचा चेहरा उतरला. लॅपटॉपमध्ये तिचा तोच फोटो आणि तोच मजकूर निघाला.

ठाण्यात त्याला फार विचारावं लागलं नाही. "घरी नाई म्हणाची हिंमत नव्हती साहेब. वाटलं, तिची बदनामी झाली तं माहे बाबा सोताच लग्न मोडतीन."

मुलगी आमच्या मागोमाग ठाण्यात आली होती आणि दारात उभी राहून ऐकत होती. तिला आत येऊ देणं ही माझी चूक की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ती रडली नाही. "नाईच म्हणाचं होतं तं मले सांगाचं होतं," ती म्हणाली. "मी मोडलं असतं."

चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची आमची तयारी झाली होती, ती टळली. तुम्ही साक्षीदार आहात, आरोपी नाही, हे सांगायला मी तारबाबूंकडे गेलो. साध्या कपड्यांत, पायी. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच मागणं केलं. "साहेब, नेलं तसंच या. दुपारी, वर्दीवर, जीप घेऊन. माह्या ओट्यावर बसा, चहा घ्या. गल्लीले दिसू द्या."

मी हो म्हणालो. मग सणाचा बंदोबस्त लागला, पाठोपाठ बदलीचा आदेश आला. ही कारणं खरी आहेत आणि तरीही ती कारणंच आहेत. मी गेलो नाही.

आता ओळखीत कुणी घरी राउटर घेतला की मी सांगतो: पासवर्ड लावा, दुकानदाराने ठेवलेला बदला, गावाला जाताना बंद करा. लोक ऐकतात. आमच्या खात्यातल्या तरुण पोरांना मात्र दुसरंच सांगतो. पत्ता सापडला म्हणजे माणूस सापडला असं नाही, आणि निर्दोष सुटलेल्या माणसाला घरी पोहोचवून देणं हाही तपासाचाच भाग आहे.

वर्षभराने याच केसमध्ये साक्ष द्यायला वर्ध्याला कोर्टात आलो, तेव्हा वाट वाकडी करून त्या गल्लीत गेलो. वर्दीवर होतो, जीपही होती. तारबाबूंच्या दाराला कुलूप. समोरच्या घरातली बाई बाहेर आली.

"थो बुढा? थो तं गाव सोडून पयाला साहेब. गिरड गावाले सोताच्या पोरीकडे राह्यते म्हणते. तुमी नेलतं ना, थोच."

"त्यांनी काही केलं नव्हतं, बाई," मी म्हणालो. "गुन्हा दुसऱ्याने केला होता."

तिने माझ्याकडे पाहिलं, जीपकडे पाहिलं.

"मंग तुमी नेलतं काऊन?"