बर्फावरचे चुरमुरे

चुरमुऱ्यांचा पुडा फोडला की लोकांना भेळ आठवते, मला डेल्फ्टमधल्या आमच्या घरामागचा गोठलेला कालवा आठवतो आणि कान गरम होतात. कित्येक हिवाळ्यांनंतर बर्फ धरला होता, काळा, काचेसारखा नितळ. शेजारच्या डच आजी खुशीत होत्या, नातीला स्केटिंग शिकवायला अखेर बर्फ मिळाला म्हणून. मी मात्र फोटोच्या नादात. नुसता बर्फ काय काढायचा, सीगल हवेत, म्हणून सकाळीच अख्खा पुडा कालव्यावर उधळला. "अहो, लग्नातल्या अक्षता आहेत का त्या?" बायको खिडकीतून ओरडली. पक्षी आले, फोटो झकास आला, फॅमिली ग्रुपवर कौतुकही झालं. पण उरलेले चुरमुरे उन्हाने सुटलेल्या पाण्यात भिजून गोठले, बर्फाला खड्यांसारखे चिकटले. दुपारी बघतो तर आजी गुडघ्यांवर बसून ते खरवडताहेत आणि नात स्केट्स बांधून काठावर ताटकळलेली. मी उलथनं घेऊन धावलो. "पक्ष्यांना भूक लागली असेल," आजी एवढंच म्हणाल्या. खरवडता खरवडता अंधार पडला, आणि रात्रीच्या पावसाने बर्फच नेला. पुढे आजींनी तो फोटो मागून घेऊन भिंतीवर लावला; त्या हिवाळ्याचं तेवढंच उरलं होतं ना. आता त्यांच्याकडे कॉफीला गेलो की मी त्या भिंतीकडे पाठ करून बसतो.