सदबाच्या खड्ड्याचं विरजण

दोन हजार पंचवीस साल, आणि माझं वय अठ्ठ्याहत्तर. सकाळी किटली घेऊन डेअरीच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढची जागा मोकळी. ती सदबाची. तो पुढं आणि मी मागं, अशीच आमची रांग आयुष्यभर चालत आलेली. मापाड्यानं माझं दूध ओतून घेतलं आणि वर न बघता म्हणाला, "तात्या, सदबाआण्णा गेलं की वो पहाटं..." मी त्याच्यावरच ओरडलो, "काय बोलतोस? काल तर माझ्यासंगं भांडलाय त्यो!" जसं काय भांडलेला माणूस दुसऱ्या दिवशी मरतच नाही. किटली तिथंच राहिली, आणि मी माळावरच्या त्याच्या घराकडं चालायला लागलो.

आता महिना होत आला. पेपरच्या पुरवणीवाल्या साहेबांनी फोन केला, सदबावर चार ओळी लिहा म्हणाले. मी सांगितलं, माझी शाळा दुसरीपर्यंत. तर म्हणाले, "लिहा तुम्ही, भाषा आम्ही सरळ करून घेऊ." मी म्हणालो, भाषा सरळच आहे, हात लावायचा नाही. तेव्हा जे आहे ते असं आहे. कुणाला लागलं तर लागू दे.

सदबा म्हणजे सदाशिव. कुरुंदवाडच्या अलीकडं नदीकाठाला आमचं गाव, आणि गावाच्या वर माळावर त्याचं घर. घरामागं गोबरगॅसचा खड्डा. गावातला पहिला. लोक आता भाषणात सांगतात, सदबाला पर्यावरणाची फार आवड होती. कसली आवड! त्याला राग आलता, राग. हौसावहिनी, म्हणजे त्याची बायको, उसाचा पाला आणि तुरकाट्या जाळून स्वयंपाक करायची. पदर सदा डोळ्याला, आणि खोकला असा की आम्ही ओट्यावर बसलेली माणसं बोलायचं थांबायचो. एकदा तिला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि विचारलं, "विडी किती ओढता, बाई?" विडी! जिनं तंबाखूला कधी बोट लावलं नाही तिला! परत येताना गावच्या वेशीत आल्यावर सदबा म्हणाला, "तात्या, तिनं न्हाई ओढली. मी ओढाय लावली. रोज दोन टाइम, माझ्या भाकरीसाठनं." दुसऱ्या दिवशी त्यानं कुदळ काढली.

खड्डा आम्ही दोघांनी खणला. आत गवंड्यानं वीट लावली, वर पालथ्या वाडग्यासारखी लोखंडी टाकी बसवली. खाली शेण कुजायचं, गॅस धरला की टाकी वर उचलायची, शेगडी पेटली की हळूहळू खाली बसायची. पण पहिल्यांदा शेण भरून आम्ही वाट बघत बसलो तर टाकी काही हलेना. मग नेसरीचा त्याचा मावसभाऊ म्हणाला, अरे, दुधाला विरजण लावल्याशिवाय दही होतं व्हय? चालत्या खड्ड्यातला रगडा, म्हणजे कुजलेलं पातळ शेण, आणून घाल. झालं! टेंपोत दोन बॅरल टाकून आम्ही नेसरीला गेलतो. येताना गडहिंग्लजच्या पुढं चहाला थांबलो, तर हॉटेलवाला नाक धरून बाहेर आला. "पावणं, काय घेऊन चाललाय ह्ये?" सदबा शांतपणे म्हणाला, "विरजण. तुमास्नी पायजे का वाटीभर?" चहा न देताच हाकललं आम्हाला त्यानं.

पण त्या विरजणानं काम केलं. एक दिवस टाकी उचलली, आणि वहिनीनं शेगडीची कळ फिरवली. निळा जाळ, धूर म्हणून नाही. ती जाळाकडं बघतच बसली. भाकरी करपली. पुढं आमच्या आजूबाजूला ज्या ज्या घरी खड्डा पेटला, त्यानं त्यानं सदबाच्या खड्ड्यातलं विरजण नेलं. माझ्या परड्यातला खड्डासुद्धा त्याच्याच विरजणाचा.

इथवर सगळ्यांनी कौतुक केलं. मग सदबानं घरचा संडास खड्ड्याला जोडला, आणि गाव फिरलं. संडासातनं काय निघतं ते सगळ्यांना ठाऊक, पण त्याच्या गॅसवर शिजलेलं खायचं म्हणजे धर्म बुडाला! जी माणसं ह्याच गावात नदीच्या काठाला उघड्यावर बसायची आणि त्याच नदीचं पाणी प्यायची, ती सदबाच्या घरचा चहा बाटला म्हणायला लागली. मी रोज जाऊन मुद्दाम ओट्यावर बसून चहा प्यायचो, मोठ्यानं फुरके मारून. जळू देत म्हटलं. पण विलासची, म्हणजे त्याच्या पोराची, पहिली सोयरीक त्यावरनं मोडली. पोरीकडची माणसं आली, ऐसपैस बसली, आणि पोह्याच्या बशा पुढं आल्यावर कुणीतरी कुजबुजलं. एकानंही चमचा उचलला नाही. "उपास हाय आमचा," म्हणाले. सगळ्यांचा एकदम उपास! विलास दारात उभा राहून ते बघत होता. पुढं त्याचं लग्न झालं, कोल्हापुरात मंगळवार पेठेत दुकान थाटलं, मोटार आली. पण त्या भरलेल्या बशा त्याच्या डोळ्यांपुढनं गेल्या नाहीत. हे मला कळतं. कळतं म्हणून पटतं असं नाही.

आणि मग पूर आला तेव्हाची गोष्ट ऐका. पाणी गावात शिरलं, तिन्हीकडचे रस्ते गेले, सिलिंडरची गाडी येईना, लाकूडफाटा भिजून चिखल झालेला. माळ तेवढा कोरडा, आणि माळावर सदबाची शेगडी पेटलेली. तेव्हा कुठं गेला धर्म? लेकराचं दूध तापवायला बायका रांगेत, म्हाताऱ्यांची पेज, कुणाची चहाची पातेली. सोयरीक मोडणाऱ्यांचे गावातले पावणेसुद्धा आले पातेलं घेऊन. मी दारात उभा राहून विचारलं, "काय वो, आज उपास न्हाई वाटतं?" सदबानं मला आत ओढलं. "तात्या, गप. लेकरं हायत." वहिनी रात्रंदिवस शेगडीपाशी बसून होती. गावातल्या शेणाच्या पाट्या माळावर यायला लागल्या, आणि सदबा कमरेला टॉवेल बांधून खड्ड्याच्या तोंडाशी असलेल्या कुंडीत शेण कालवत होता. पाणी उतरलं, सिलिंडर आला, आणि गावाला पुन्हा वास यायला लागला.

अलीकडं कार्बनवाले आले. कुठल्या कंपनीचे ते त्यांनी सांगितलं, मी लक्षात ठेवलं नाही. इस्तरीची कापडं, पायात पांढरे बूट. खड्ड्याचे फोटो काढले, टाकीला एक निळी पाटी ठोकली. सदबानं विचारलं, ह्यानं काय होतं? पोरगं चांगलं होतं, समजावून सांगायला लागलं, की आजोबा, तुमच्या खड्ड्यामुळं लाकूड जळत नाही, हवा सुधारते, ती किती सुधारली ते आम्ही मोजतो आणि लांबच्या एका कारखान्याच्या नावावर लावतो. सदबा म्हणाला, "मग त्या कारखान्याचा धूर बंद झाला?" "नाही आजोबा, धूर चालू आहे. पण हिशेब जुळतो." सदबानं कालवायचं दांडकं त्याच्या पुढं धरलं. "बाळ, माझ्या शेणानं त्येचं पाप धुतलं जातंय न्हवं? मग त्येला म्हणावं एक दिवस हितं ये, आणि स्वतःच्या हातानं कालव. येवढं झालं की हिशेब जुळला म्हणतो मी." पोरगं हसलं. त्याला वाटलं, म्हातारा विनोद करतोय. सदबानं आयुष्यात विनोद केला तो त्या नेसरीच्या विरजणाचा, बाकी कधी नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही भांडलो ते विलासवरनं. खड्डा बुजवून तिथं गाडी लावायला फरशी करायची, असं विलास म्हणायला लागलेला. मी सदबाला म्हणालो, पोराला नीट बसवून सांग एकदा, त्याच्या मनातलं काढ. सदबा म्हणाला, "सांगून कालवाय येत न्हाई, तात्या. हात घालावा लागतो. त्येनं घातला न्हाई." मी म्हणालो, "तू मेल्यावर काय करशील?" तो कुंडीतनं मान वर न करता म्हणाला, "मी मेल्यावर तू हाईस की." मला राग आला. मी काय त्याच्या मागं राहायला जन्मलो होतो? तसाच निघून आलो... आणि पहाटे तो गेला.

माती झाली. विलासनं तिसऱ्याच दिवशी दोन्ही म्हशी पावण्यांच्या दावणीला नेऊन बांधल्या. मी म्हणालो, कुंडीत शेण मी घालतो रोज, तर म्हणाला, "राहू दे काका, दिवस होऊ देत." दिवस होईपर्यंत परक्याच्या दारात वाद घालू नये म्हणून मी गप बसलो. पण टाकी रोज खाली बसत चाललेली मला दिसत होती.

उत्तरकार्याला मांडव पडला, आणि टेंपोतनं आचाऱ्याचे सिलिंडर उतरले. घरात शेगडी असताना! मी विलासला बाजूला घेतलं. "ह्ये कशाला रे?" तो म्हणाला, "काका, लोक जेवाय पायजेत. आपल्या गॅसवर केलं तर पंगत उठंल." बापाच्या दिवसाची लापशी बापाच्या जाळावर शिजली नाही! जे पुरात पेज प्यायले तेच पंगतीत बसून वांग्याची भाजी मागून घेत होते आणि म्हणत होते, देवमाणूस होता. वर श्रद्धांजलीला कार्बनवाल्यांचा मोठा साहेब आलेला. "सदाशिवराव हे पर्यावरणयोद्धे होते," म्हणाला. टाळ्या झाल्या. उत्तरकार्यात टाळ्या! मी पानावरनं उठलो. त्या सिलिंडरवरचं जेवण मला नको होतं.

मागच्या दारी वहिनी एकटीच बसलेली. बसलेल्या टाकीकडं बघत म्हणाली, "उद्या जेसीबी येतोय, भावजी. खड्डा बुजवून मला कोल्हापूरला न्यायचं म्हणतोय. तिकडं तिसऱ्या मजल्यावर काय करू मी?" मी विचारलं, "तुम्ही सांगितलं न्हाई त्येला, येत न्हाई म्हणून?" ती म्हणाली, "मला कोण इचारतंय?"

मी मांडवात जाऊन चार माणसांत विलासला विचारलं, "आईला विचारलंस का?" तो म्हणाला, "आईला काय विचारायचं त्यात? खड्डाच हाय त्यो." मी म्हणालो, "खड्डा न्हवं, तिची चूल हाय ती! तुझ्या बापानं तिच्या छातीसाठी खणलीय." कुणीतरी मला हाताला धरून बाजूला नेलं. म्हातारं झालंय, मनाला लावून घेऊ नका, असं विलासला सांगत होते. मला ऐकू येतं. कान शाबूत आहेत माझे.

दुसऱ्या दिवशी मी तांबडं फुटायला उठलो. माझ्या खड्ड्यातला रगडा दोन बादल्या काढला, माझ्या म्हशींचं शेण पाटीत भरलं, आणि सगळं हातगाड्यावर घालून भर गल्लीतनं माळाकडं निघालो. डेअरीला निघालेली माणसं विचारत होती, "तात्या, काय घेऊन चाललाय?" मी म्हणालो, "विरजण. ज्येचं त्येला परत द्यायला चाललोय." आज नाक कुणी धरलं नाही.

सदबाचं दांडकं कुंडीला टेकूनच होतं. वरच्या बाजूला त्याच्या मुठीनं घासून घासून गुळगुळीत झालेली जागा आहे. माझी मूठ तिथं पोचत नाही, तो माझ्यापेक्षा हातभर उंच. मी त्याच्या खाली धरलं आणि कालवायला लागलो. तेवढ्यात जेसीबी आला. मागनं विलास, झोपेतनं उठलेला. "काका, सरा बाजूला." मी सरलो नाही. "सरा म्हणतोय न्हवं मी!" आवाजानं वहिनी बाहेर आली. तिनं पाटीतनं ओंजळभर शेण उचललं आणि लेकाच्या देखत कुंडीत टाकलं. "विलास," ती म्हणाली, "तू जा दुकानाला. मी हितंच ऱ्हाणार. आणि माझी चूल मी हाय तवर बुजवायची न्हाई." जेसीबीवाल्यानं विचारलं, "मालक, काय करू?" विलासनं हात हलवला, जा म्हणून. आणि स्वतः ओट्यावर जाऊन बसला, आमच्याकडं पाठ करून.

गॅस काही त्याच दिवशी धरत नाही. ते मला ठाऊक होतं आणि वहिनीलाही. पण कालवल्याशिवाय तो कधीच धरत नाही. मी टॉवेल कमरेला बांधला, शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि पाटीतलं उरलेलं सगळं शेण कुंडीत ओतून पुन्हा दांडकं धरलं... एकही गाठ उरली नाही तोवर थांबलो नाही.