मंडईचा दिवस लिहून बसले

दोन हजार आठच्या सुमाराला मी गोंदियाजवळ फुलचूरला भावाकडे राहत होते. शिक्षण संपवून एका खासगी शाळेत मास्तरीण झाले होते आणि आमचं गाव त्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्याही पलीकडे. तिथून रोज एसटीनं येणंजाणं जमेना, म्हणून भाऊ म्हणाला इथेच राहा. त्यानं धंद्यासाठी घरी इंटरनेट घेतलं होतं. तो दिवसभर दुकानात, वहिनी दुपारची झोपायची, माझी शाळा सकाळची. त्यामुळे दुपार माझी असायची. म्हणजे भारनियमन नसेल तर.

अशाच एका दुपारी मला मराठी लोकांची एक साइट सापडली. तिथे सगळे टोपणनावानं लिहायचे. कुणी पाककृती टाकायचं, कुणी कुंडीतल्या जास्वंदीचे फोटो, कुणी सरकारला शिव्या घालायचं तर कुणी सासूला. मी घेतलेलं नाव एका रानभाजीचं होतं. ते इथे सांगत नाही, कारण माझं लिखाण अजून तिथे पडलेलं आहे.

मला लिहायला आवडायचं ते खाण्याबद्दल. पावसाळ्यात रानात निघणाऱ्या सात्या, म्हणजे अळंबी, कशा निवडायच्या, लाखोळीची भाजी कशी वाळवून ठेवायची, असलं. पहिल्यांदा कोचईच्या पानांच्या वड्या लिहिल्या तेव्हा पुण्याच्या एका बाईनं लगेच खाली लिहिलं, 'त्याला अळू म्हणतात. कोचई हा शब्द मी कधी ऐकला नाही.' मी काय गप्प बसणार? मी लिहिलं, 'तुम्ही ऐकला नाही म्हणून पान खाजायचं थांबत नाही.' त्यावर लोक हसले, तीही हसली, आणि पुढे वर्षभर आमचं गूळपीठ जमलं. ती भरतकाम करायची. मला तिनं फोटो पाठवून पाठवून कशिदा शिकवला. मी तिला ताई म्हणायला लागले.

खरं सांगू, मला चटक लागली ती मत देण्याची. घरात माझं मत कोण विचारतो? पडद्याचा रंगसुद्धा भाऊ ठरवायचा. तिथे मात्र मी हुंडा, परीक्षा, देव, निवडणूक, सगळ्यांवर लिहायचे आणि माणसं मला उलट उत्तर द्यायची, म्हणजे माझं वाचायची. दुपारी वीज गेली की मी भारनियमनवाल्यांना अशा शिव्या द्यायचे की वहिनी झोपेतून उठून बघायला यायची.

त्याच वर्षी माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. माझी एक अडचण होती. कॉलेजात असताना रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं आणि त्यात मी सिकलसेलची वाहक निघाले होते. तिथल्या डॉक्टरीणबाई समजावून म्हणाल्या होत्या, 'तुला काही होणार नाही. फक्त लग्न ठरवताना मुलाचं रक्त तपासून घ्या. दोघंही वाहक असाल तर लेकराला दुखणं येऊ शकतं.' ते दुखणं काय असतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्या मावशीच्या मुलीला होतं. थंडी पडली की ती गुडघे पोटाशी घेऊन ओरडायची आणि मावशी तिचे पाय दाबत रात्र काढायची. दहावीच्या आधीच गेली ती.

हे घरी सांगितलं तेव्हा मायनं आधी माझ्या तोंडावर हात ठेवला. भाऊ म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुले काही होऊन रायलं का? नाही ना? मग कायले डफडं वाजवतेस?"

"मी माहं सांगा नाही म्हणून रायली. पोराचं रक्त तपासा म्हणतो."

"असं म्हणलं की ते विचारतीन, काऊन? मग काय सांगशीन?"

मग अर्जुनी मोरगावकडचं एक स्थळ आलं. मुलगा नोकरीवाला, घरची धानाची शेती, माणसं चांगली. भाऊ खूश, माय खूश. दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईला ते लोक येणार आणि तिथेच मुलगी पाहून घेणार असं ठरलं. मी दोनदा म्हणून पाहिलं की तपासणीचं बोला. दुसऱ्यांदा माय रडायला लागली.

तेव्हा मी साइटवर गेले. 'सल्ला हवा' असा एक भाग होता, तिथे मी सगळं लिहिलं. सावधपणे लिहिलं बरं का. जिल्हा लिहिला नाही, तालुका नाही, मास्तरणीची नर्स केली, भावाचा काका केला. फक्त मंडई म्हणजे काय हे पुण्यामुंबईच्या लोकांना कळावं म्हणून जरा खुलवून लिहिलं. भाजीची मंडई नव्हे. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव जत्रा भरते, लेकीजावई येतात, दिवसा दंडार म्हणजे नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक, आणि त्या गर्दीत सोयरिकी जमतात. हे लिहिता लिहिता आमची मंडई कोणत्या दिवशी असते ते लिहिलं आणि यंदाच्या नाटकाचं नावही लिहून बसले. मला वाटलं, ठाण्याच्या माणसाला त्यातून काय कळणार? त्याला नाहीच कळलं. पण आमच्याकडे प्रत्येक गावाच्या मंडईचा दिवस ठरलेला असतो आणि नाटकाची पोस्टरं जिल्ह्यातल्या प्रत्येक बसस्टँडवर लागतात. आमच्या भागातल्या माणसासाठी मी घरचा पत्ताच दिला होता.

सल्ले मात्र भरभरून आले. 'ठणकावून सांग.' 'असलं घर सोडून दे.' 'तू कमावती आहेस, घाबरतेस काय?' उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! थोड्या वेळानं दोघांचं ठरवून केलेल्या लग्नांवर भांडण जुंपलं आणि मी बाजूलाच राहिले. माझ्या जिवाची तगमग चालली होती आणि ते एकमेकांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होते. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्या सगळ्यांचा राग आला.

पुण्याच्या ताईनं खाली काहीच लिहिलं नाही. तिनं खासगीत निरोप टाकला. त्यात फक्त फोन नंबर होता आणि 'आज बोल' एवढंच.

मी गच्चीवर जाऊन फोन लावला. वर्षभर जिचं स्वच्छ पुणेरी मराठी वाचलं होतं, ती म्हणाली, "बाई, मी बोलून रायली. तू ज्यायची वाट पाहून रायली ना मंडईले, ते माह्याच घरचे होत."

मी पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले. ती मोरगावकडची, लग्न होऊन पुण्याला गेलेली. तिथे बोलण्यावरून लोक हसतात म्हणून तिनं भाषा बदलली होती, आणि साइटवर तर आपल्या गावाचा कुणाला पत्ताच लागू दिला नव्हता. कोचई ऐकली नाही म्हणे! लहानपणी परसात ढीगभर होती, हे तिनंच मग सांगितलं. पण तेव्हा मला हसू आलं नाही.

"आईनं फोनवर सांगतलं, अमक्या दिवशीच्या मंडईले पोरगी पाहाले चाललो. मग तुहं वाचलं. दिवस तोच, नाटक तेच. बाई, आमचा मधला भाऊ सिकलसेलनंच गेला. हा लहानाही वाहक आहे. घरी सगळ्याइले ठाऊक आहे. तुमाले सांगायचं नाही असं ठरलं आहे."

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते हेच. दोन्ही घरं मूठ झाकून बसली होती आणि मुठीत होतं एकच.

"मी मोडतो हे सोयरीक," ती म्हणाली. "तुहं नाव घेत नाही. तूही माह्या भावाचं कोणाजवळ काढू नको. शपथ आहे तुले."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

मंडईच्या दिवशी मायनं पहाटेपासून वडे तळले, अंगणात सडा-रांगोळी केली, शेजारून खुर्च्या आणल्या. पाहुणे आलेच नाहीत. संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. मुलाच्या बहिणीनं नाही म्हटलं. काय तर, मुलगी दिवसभर कम्प्युटरवर बसते, अशी पोर आपल्या घरात टिकायची नाही.

मोडायला काहीतरी कारण लागतं, हे मला समजत होतं. पण इतकी कारणं जगात असताना तिनं नेमकं तेच काढावं? मला तिचा भयंकर राग आला होता आणि कुणाला काही सांगता येत नव्हतं. भावानं फुलचूरला परतल्यावर पहिलं काम केलं ते इंटरनेट काढून टाकायचं. वहिनी म्हणाली, "बरं झालं, आता दुपारचं निवांत झोपता येईल." माय महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. तिच्या मते मी हातानं संसाराला लाथ मारली होती.

नंतर मी कधीमधी गोंदियाच्या एका कॅफेत जाऊन साइट उघडायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी ताईनं तिथे लिहिलं होतं की भावाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. सोबत पाहुण्यांसाठी भरलेल्या रुमालांचे फोटो. खाली अभिनंदनांची रांग. मुलगी गोरेगावजवळची हे मला वहिनीकडून आधीच कळलं होतं. वहिनीच्या माहेरची त्या घराशी ओळख होती. मी ताईला खासगीत विचारलं, तिची तपासणी केली का.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'नाही. मागच्या वेळी मी आडवी आले म्हणून ह्या वेळी मला ठरल्यावरच कळवलं. आई म्हणते, आता बोललीस तर माहेर तुटलं समज. मी काय करू, तूच सांग.'

सल्ला माझ्याकडे मागितला होता. मी ते वाचून चिडले, रडले, आणि कॅफेवाला बघायला लागला म्हणून उठले. रुमालांचे फोटो टाकायला हात वळतात आणि एक वाक्य बोलायला जीभ वळत नाही! पण तिचं माहेर तुटलं असतं हेही खरं होतं. माझ्या डोळ्यांपुढे मात्र मावशीची मुलगीच येत होती.

त्या आठवड्यात मी गावी गेले आणि मायसोबत गोरेगावच्या बाजाराला गेले. मुलीची आई मायच्या ओळखीची, ती तिथे येणार हे मला माहीत होतं. ती लसूण घेत होती आणि मागे तिची मुलगी पिशवी धरून उभी होती. होणारी नवरी ती हीच. माझ्याहून लहान, कपाळावर घामानं केस चिकटलेले. माय पलीकडे मिरच्या निवडत होती. मी जवळ जाऊन हळू म्हणाले, "मावशी, लग्नाआधी हिचं रक्त तपासून घ्या. सिकलसेलचं."

बाई माझ्याकडे बघतच राहिली. "काऊन? माह्या पोरीले काय झालं?"

"काही झालं नाही. पण सगळ्यायनंच करून घेतलं पायजे."

"कोणं सांगतलं तुले?"

काय सांगणार होते? इंटरनेटवर एक बाई आहे, तिचं खरं नावही मला नीट ठाऊक नाही, आणि तिनं मला शपथ घातली आहे? बाईच्या ध्यानात मी कोण ते आलं असावं, कारण तिचा आवाज चढला. "तूच ना ते, जिले पाहाले मंडईले येतो म्हणून ते पाहुणे आलेच नाही? तुले केलं नाही म्हणून माह्या पोरीवर जळून रायली का?"

लसूणवाली मापायची थांबली. आजूबाजूच्या बायका वळल्या. मी मुलाबद्दल एक शब्द काढू शकत नव्हते. माझ्याजवळ सांगण्यासारखं माझंच होतं, म्हणून मी ते मोठ्यानं सांगितलं.

"मावशी, मलेच आहे ते. माह्या रक्तात आहे. माह्या मावसबहिणीचा त्याच्यातच जीव गेला. म्हणून सांगून रायली. जळून कायले राहू मी?"

मायनं ऐकलं. हातातल्या मिरच्या तिनं टोपलीत परत टाकल्या.

ती मुलगी आईच्या मागून म्हणाली, "कुठं होते ते तपासणी?"

"सरकारी दवाखान्यात. पैसे नाही लागत." एवढं मी सांगेपर्यंत आईनं तिच्या दंडाला धरून ओढत नेलं होतं.

परतीच्या एसटीत माय खिडकीकडे तोंड करून बसली होती. गाव जवळ आल्यावर म्हणाली, "आता तुले कोण करन?" मी तिचा हात धरायला गेले, तिनं सोडवून घेतला. आम्ही घरी पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. फुलचूरला भाऊ आठवडाभर माझ्याकडे न बघता जेवला.

ते लग्न झालं नाही. का झालं नाही ते दोन्ही घरांपैकी कुणीच सांगितलं नाही. गोरेगावात मात्र सगळे सांगायचे की एका जळकुट्या मास्तरणीनं मोडलं. शाळेतसुद्धा एकीनं मला ते माझ्याच तोंडावर विचारलं. ताईनं पुन्हा कधी लिहिलं नाही आणि मीही त्या साइटवर जायचं सोडून दिलं.

वर्षभरानं गोरेगावच्या बसस्टँडवर ती मुलगी दिसली. मला वाटलं तोंड फिरवेल. ती सरळ माझ्याकडे आली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "बाई, मले पण निघालं." मी काही बोलायच्या आत तिची गाडी लागली आणि ती चढून गेली.